भोंग्याची चावी हातात आली? आधी गावाचं शेवटचं घर शोधा

ग्रामपंचायतीत किंवा पालिकेच्या विद्युत विभागात नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या गळ्यात तीन गोष्टी पडतात. पथदिव्यांच्या तक्रारी, पाण्याच्या मोटरची वही आणि भोंग्याची चावी. पहिल्या दोन गोष्टी लोकच शिव्या देऊन शिकवतात. भोंग्याचं तसं नाही. तो महिनाभर बंद असला तरी कोणी हूं की चूं करत नाही, आणि ज्या रात्री लागतो त्या रात्री शिकायला वेळ नसतो.

मी तापीकाठच्या एका गावात बरीच वर्षं ही चावी सांभाळली. माझ्यानंतर आलेल्या पोराला जे तोंडी सांगितलं, तेच इथे लिहितो आहे.

खान्देशाला भोंगा नवा नाही. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, चाळीसगावची मिल, या सगळ्यांच्या भोंग्यांवर गावाचं घड्याळ चालायचं. मिली गेल्या, पण वयस्कर माणसांच्या डोक्यात अजून भोंगा म्हणजे वेळ. तुमच्या हातातला भोंगा वेळ सांगायला नाही, सावध करायला आहे. हा फरक लोकांना समजावण्यातच निम्मं काम जातं.

तुमच्याकडे आहे काय, ते आधी बघा

गच्चीवर किंवा टाकीवर जे बसवलंय ते पत्र्याचं गोल धूड असेल तर तो मोटरचा सायरन. आत मोटरच्या दांड्यावर एक चाक असतं, त्याच्या कडेला खिडक्या, आणि त्याच्याभोवती तशाच खिडक्यांचं न फिरणारं कडं. चाक हवा ओढून बाहेर फेकतं. खिडकी खिडकीसमोर आली की हवा सुटते, सरकली की तुटते. या तुटण्याचाच आवाज होतो. त्यात ना स्पीकर, ना रेकॉर्डिंग.

कर्ण्यांचा झुबका, खाली पेटी आणि बाजूला सोलरचं पॅनल असेल तर तो इलेक्ट्रॉनिक. तो बोलूही शकतो, म्हणजे "नदीपात्रात जाऊ नका" असं आधी भरून ठेवलेलं वाक्य ऐकवतो. तिसरा, हाताने फिरवायचा. तो बहुतेक ठिकाणी कपाटाखाली धूळ खात असतो. तो आजच बाहेर काढून पुसा, कारण पुढे त्याच्यावर येणारच आहे.

मोटरच्या सायरनचा सूर हिशेबाने काढता येतो आणि नव्या माणसाने तो एकदा काढावाच. समजा मोटर मिनिटाला 2,880 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 48. चाकाला 10 खिडक्या असतील तर हवा सेकंदाला 480 वेळा तुटेल, म्हणून सूर 480 हर्ट्झचा. मोटरच्या पाटीवर फेरे लिहिलेले असतात, खिडक्या मोजायला दोन मिनिटं लागतात. मग मोबाइलमध्ये वाद्यं जुळवायचं कुठलंही फुकटचं अ‍ॅप घ्या, भोंगा पूर्ण चढला की आकडा बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

हा आकडा पुढे डॉक्टरच्या थर्मामीटरसारखा उपयोगी पडतो. सूर उतरला असेल तर चाक हळू फिरतंय, म्हणजे दोष विजेत, बेअरिंगमध्ये किंवा मोटरमध्ये. सूर तोच, पण आवाज दबलेला असेल तर मोटर ठीक आहे; जाळी बुजली असेल, खिडक्यांत काही अडकलं असेल, नाहीतर चाक उलटं फिरत असेल. डीपीवर काम झालं आणि दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते. तेव्हाही भोंगा वाजतो, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण पुष्कळ सायरनमध्ये आवाज मऊ पडतो. अंगावर बाण काढलेला असतो, तो बघायची सवय लावा. विहिरीवरची मोटर उलटी फिरली की पाणी कमी येतं, तसंच हे.

कुठल्या आवाजाचा अर्थ काय

नागरी संरक्षणाची पद्धत ठरलेली आहे. खालीवर होणारा, हेल काढणारा आवाज दोन मिनिटं, म्हणजे धोका. एकाच सुरात सरळ दोन मिनिटं, म्हणजे धोका टळला. 7 मे 2025 ला देशभर जो सराव झाला त्याच्या यादीत आपल्याकडचं भुसावळ होतं. त्या दिवसापासून पोराटोरांनाही हा फरक थोडाफार माहीत झाला आहे.

मोटरच्या सायरनवर हेल काढायचा तर बटण चालू-बंद करत राहायचं. आवाज पूर्ण चढला की सोडायचं, निम्म्यावर उतरला की पुन्हा दाबायचं. पूर्ण थांबू द्यायचं नाही. नवा माणूस घाबरून भराभर दाबतो. मग आवाज चढतच नाही, आणि दर वेळी सुरुवातीचा जबर करंट खाऊन मोटर तापते. आधी कोरड्या हाताने, म्हणजे वीज बंद ठेवून, घड्याळ लावून बटणाचा सराव करा. हसू येईल, पण करा.

पुराचं वेगळं आहे. तापीवरच्या हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत. त्यातले किती उघडले यावर भुसावळपासून खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा बॅरेजपर्यंतच्या काठाची रात्र ठरते. धरणाचा स्वतःचा भोंगा कसा आणि कधी वाजतो, ते त्या धरणाच्या कार्यालयातून लिहून आणा. ऐकीव माहितीवर जाऊ नका. गावाचा भोंगा कोणाच्या सांगण्यावरून वाजवायचा, हेही लेखी हवं. तहसील कार्यालय, पोलीस ठाणे, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077, असे दोन-तीन नंबर पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा. चिकटवलेला कागद पहिल्या पावसात जातो.

रात्री भोंगा वाजवला तर गुन्हा होईल का, असं मला एका नव्या कर्मचाऱ्याने विचारलं होतं. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला अडवतात, पण सार्वजनिक आणीबाणी त्यातून वगळलेली आहे. वरातीतले डीजेवाले मात्र सायरनचा आवाज टाकतात, त्यांना कोण अडवणार? दर लग्नसराईत मी दोन तरी वरातींशी भांडलो आहे. रोज खोटा सायरन ऐकणारा कान खऱ्या दिवशी उठत नाही.

शेवटचं घर

आता मुख्य गोष्ट. भोंगा किती मोठा वाजतो हे भोंग्याखाली उभं राहून कळत नाही. तिथे तो मोठाच वाटणार. गावाच्या कडेचं शेवटचं घर शोधा, तिथे जा, आणि दुसऱ्या कोणाला तरी बटण दाबायला सांगा.

कागदावर आवाज अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबलने उतरतो. समजा 30 मीटरवर 100 डेसिबल आहे. मग 60 मीटरवर 94, 120 वर 88, असं करत 960 मीटरवर 70 उरायला हवेत. पण हे मोकळ्या हवेचं गणित झालं. गावात घरं, झाडं, केळीचे बाग आडवे येतात, म्हणून अनुभवी लोक दुप्पट अंतराला 10 डेसिबल वजा धरतात. तसं मोजलं तर त्याच 960 मीटरवर 50 उरतात. एवढ्या आवाजावर बाजूच्या घरातला टीव्ही मात करतो. भोंगा आसपासच्या गोंगाटापेक्षा निदान 10 डेसिबल वर हवा, नाहीतर माणूस ऐकूनही लक्ष देत नाही.

आणि आपल्याकडे आसपासचा गोंगाट म्हणजे कूलर. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे गेला की घराघरात पत्र्याचे ढोलासारखे कूलर रात्रभर घुमतात. दारं-खिडक्या त्यांच्याभोवती बंद. माझ्या गावात वीटभट्टीपलीकडच्या वस्तीत मी एकदा एप्रिलच्या रात्री चाचणी घेतली. रस्त्यावर उभा राहिलो तर भोंगा स्पष्ट. त्याच घरात कूलरसमोर खाटेवर बसलो तर काही नाही, पाण्याच्या टपटपीखाली कुठेतरी मधमाशी गुणगुणल्यासारखं. घरातली म्हातारी म्हणाली, "नाना, आज भोंगा वाजना नई का?" तो तेव्हा वाजतच होता.

बाहेरचा सायरन बाहेरच्या माणसासाठी असतो, हे त्या रात्री माझ्या डोक्यात बसलं. बंद घरातल्या माणसासाठी वेगळी सोय लागते. त्या वस्तीत दोन पोरं ठरवली. भोंगा ऐकला की त्यांनी दारं वाजवत जायचं. जिथे ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे तिथे एका फोनवरून गावातले मोबाइल खणखणतात, तेही जोडीला ठेवा. कोतवालाची दवंडी जुनी म्हणून सोडू नका.

चाचणी एकदाच घेऊन भागत नाही, कारण हवा आवाज वाकवते. भर दुपारी जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची त्यामानाने थंड. अशा वेळी आवाज वर वळतो आणि लांबच्या माणसाच्या डोक्यावरून जातो. पहाटे उलट होतं, थंड हवा खाली बसलेली असते, आवाज जमिनीला धरून लांब जातो. म्हणून डिसेंबरच्या पहाटे घेतलेल्या चाचणीवर विश्वास ठेवून मे महिन्याची दुपार काढू नका. वाऱ्याचंही तसंच. तापीच्या खोऱ्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. वारा ज्या बाजूला जातो तिकडे आवाज पोचतो, ज्या बाजूने येतो तिकडे दबतो. म्हणजे पुराच्या दिवसांत भोंग्याच्या पश्चिमेची घरं सगळ्यात बहिरी. नदी त्याच बाजूला असेल तर दुसरा भोंगा मागण्यासाठी तुमच्याकडे हे ठोस कारण आहे.

हे मोजायला यंत्र नसेल तर मोबाइलचं डेसिबल अ‍ॅप चालेल. आकडा अचूक नसतो, पण दोन जागांतला फरक कळतो. गावाचा नकाशा हाताने काढा, आठ-दहा जागी आकडे लिहा, जिथे ऐकू आलं नाही तिथे फुली मारा. मी सरपंचांपुढे तोंडी बोलून थकलो होतो. फुल्यांचा नकाशा टेबलावर ठेवला तेव्हा काम झालं.

वर चढायच्या आधी

किटकॅट, म्हणजे फ्यूजची चिनी मातीची खिट्टी, काढा आणि खिशात टाका. नुसतं स्विच बंद करणं, "खाली कोणी दाबू नका" म्हणून ओरडणं, यावर चढू नका. चाकात हात असताना भोंगा सुरू झाला तर बोटं जातात, आणि बोटं वाचली तरी कान जातात. चाचणीच्या वेळीही भोंग्याशेजारी उभं राहायचं काम पडलं तर कानावर चांगले इअरमफ हवेत, कापसाचे बोळे पुरत नाहीत.

इथे एक जुनी चूक कबूल करतो. शेतकरी विहिरीवरच्या मोटरला ऑटो लावतात, लाइट आली की मोटर आपोआप सुरू. आमच्या स्टार्टरच्या पेटीत कोणा हौशी माणसाने तसाच ऑटो बसवून ठेवला होता आणि मी पेटी उघडून बघितलीच नव्हती. संध्याकाळच्या चाचणीत मध्येच लाइट गेली. रात्री दोनला आली. अख्खं गाव पोरंबाळं घेऊन देवळाच्या ओट्यावर. भोंगा बंद करायला मी धावलो तोवर मोटरला हात लावता येत नव्हता इतकी तापली होती. हे सायरन दोन-तीन मिनिटं वाजून विश्रांती घेण्यासाठीच बनवलेले असतात. पेटी ताब्यात आली की पहिल्या दिवशी उघडा, आणि ऑटो दिसला तर काढून टाका.

वर गेल्यावर जाळी बघा. कापसाच्या हंगामात जिनिंगची रुई उडून जाळीला चिकटते, तिच्यावर धूळ बसते, आणि होळीपर्यंत त्याची गोधडी तयार होते. कोरड्या ब्रशने काढा. आत कबुतराची काडी, साळुंकीचं घरटं, गांधीलमाश्यांचं पोळं, काहीही निघेल. सगळ्यात फसवी असते ती कुंभारीण माशी. ती खिडकीच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढं चिखलाचं मडकं चिकटवते. वजन काही ग्रॅम, पण चाक सेकंदाला 48 फेरे घेत असताना तेवढ्याने तोल जातो, सगळा सांगाडा थरथरतो आणि वर्षभरात बेअरिंग खडखडायला लागतं. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कडेला पोचे पडतात. पाणी लावून भिजवा आणि लाकडी पट्टीने काढा.

चाक हाताने फिरवून बघा. सोडल्यावर ते हळूहळू थांबलं पाहिजे. गचका देऊन थांबलं किंवा किर्र आवाज आला तर बेअरिंग. ग्रीस थोडंच द्या. आपल्या उन्हात जास्तीचं ग्रीस वितळून मोटरच्या वाइंडिंगवर उतरतं, तिथे काळ्या मातीची धूळ त्याला चिकटते. जुनं पुसून मगच नवं भरा.

मोटर मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, तपासायचं काम वायरमनकडून पावसाळ्याआधी आणि नंतर करून घ्या. 500 व्होल्टच्या मेगरवर 1 मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर ओल धरते आहे, वाजवू नका, आधी सुकवा.

अर्थिंगचं मात्र खान्देशात जास्त बघावं लागतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थच्या पाइपाला सोडून देते. पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थिंग मे मध्ये नावापुरती उरते, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. मोजमाप वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत घ्या. 5 ओहमच्या आत असेल तर पुढे काळजी नाही.

लाइट गेली तर

जाणारच. वादळात झाड तारांवर पडतं, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडतो, गाव अंधारात आणि नदी चढते. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरीचं पाणी बाजारात शिरलं, तसल्या पावसात महावितरणचा माणूस लगेच खांबावर चढेल अशी आशा कोणी ठेवू नये.

मोटरच्या सायरनला थ्री फेज लागत असेल तर एक फेज गेला तरी तो मेला. बटण दाबल्यावर नुसता हुंकार आला आणि सूर चढला नाही तर लगेच सोडा, पुन्हा पुन्हा दाबून मोटर जाळू नका. पेटीत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर तोडणारं यंत्र, नसेल तर बसवून घ्या, रिवाइंडिंगपेक्षा स्वस्त पडतो. जोडणी गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या, हेही विचारा. शेतीच्या फीडरवरचा भोंगा पाळीप्रमाणेच वाजणार.

इलेक्ट्रॉनिक सायरन इथे सरस, कारण त्याला बॅटरी आहे. पण बॅटरीला ऊन सोसत नाही. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पत्र्याची पेटी दक्षिणेच्या भिंतीला लावली असेल तर आतली हवा बाहेरच्या 45 पेक्षाही गरम. पेटी उत्तरेच्या सावलीत हलवा, वर दुसरा पत्रा चार बोटं अंतर ठेवून लावा. 12 व्होल्टची बॅटरी चार्जर काढून काही तासांनी 12.6 च्या आसपास दिसायला हवी. 12.2 म्हणजे निम्मी. सायरन वाजत असताना 11 च्या खाली कोसळत असेल तर ती बदला, चार्ज करून उपयोग नाही. माझं मत विचाराल तर गावात मोटरचा एक आणि बॅटरीचा एक, असे दोन असावेत. एकच परवडत असेल तर मोटरचा घ्या, तो गावातला वायंडर दुरुस्त करू शकतो. मग लाइट जाईल तेव्हासाठी हाताचा तयार पाहिजे.

हाताचा सायरन एकट्याने दोन मिनिटं फिरवून बघा, खांदा भरून येतो. दोघं पाळीने लागतात. त्याचा आवाज गावभर जात नाही, म्हणून तो एका जागी ठेवून वाजवू नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला किंवा पिकअपला घट्ट बांधा आणि नकाशावरच्या फुल्यांकडे जा.

चाचणी आणि वही

आठवड्याला एक दिवस, एकच वेळ, अर्धा मिनिट, सरळ सूर. हेल चाचणीत काढायचा नाही, तो खऱ्या वेळेसाठी राखा. वेळ आधी सगळ्यांना सांगा, शाळेत, देवळात, मशिदीत. पुराचं सावट असेल त्या दिवशी चाचणी रद्द, नाहीतर लोक खऱ्यालाही चाचणी समजतील.

30 जानेवारीला हुतात्म्यांसाठी मौन पाळतात तेव्हा भोंगा वाजवायचा असतो, 10:59 ते 11 आणि मग 11:02 ते 11:03. सगळ्या गावाचा कान त्या क्षणी भोंग्याकडे असतो. माझा शेवटच्या घराचा वार्षिक आकडा मी नेहमी त्याच दिवशी घ्यायचो.

वहीत तारीख, वेळ, सूर, वारा कुठला, लाइट कशी होती, आणि शेवटच्या घरी कोणी ऐकलं, एवढं पुरे. माझ्या वहीत वीटभट्टीपलीकडच्या त्या म्हातारीचं नाव दर आठवड्याला यायचं. फोन करून विचारायचो. कधी म्हणायची ऐकला, कधी म्हणायची कुकरची शिट्टी होती का भोंगा, सांगता येत नाही. तेही तसंच लिहायचो. जून लागला की ती स्वतःच फोन करायची, चाचणीच्या आधी: "नाना, कूलर बंद करी दिधा, वाजव आते."